चिखल्यात फोन घेताना

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत केले. २०१९ मध्ये एक लाखाहून जास्त फोन वाटले गेले होते आणि त्यांची रॅम होती २ जीबी. सेविकांचं गाऱ्हाणं साधं होतं: केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप या फोनवर नीट चालत नाही, फोन तापतो, हँग होतो, आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचे पैसे तुटपुंज्या मानधनातून भरावे लागतात. स्वस्त फोन घेतल्यावर काय होतं, याचा इतका मोठा आणि इतका स्पष्ट दाखला राज्यात दुसरा नाही. हातात आला तेव्हा तो फोन सुरू होत होता, फोटो काढत होता, बोलणं होत होतं. काम वाढलं, ॲप जड झालं, मेमरी भरली, आणि दोन वर्षांतच तो कुचकामी ठरला. मर्यादित पैशांत फोन घेणाऱ्याने नेमकी हीच तिसऱ्या वर्षाची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवायला हवी, असं माझं म्हणणं आहे आणि चिखल्याच्या गिऱ्हाईकासाठीचा हा सगळा आढावा त्याच बाजूने घेतला आहे.

चिखले हे डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावरचं गाव, नरपड आणि घोलवड यांच्या मधलं. एका अंगाला समुद्र आणि मच्छीमारांची घरं, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. पूर्वेला रेल्वे ओलांडली की तलासरीपर्यंत वारली पाडे. उत्तरेला थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द आणि उंबरगाव. मुंबईतल्या दुकानात बसून लिहिलेला सल्ला इथे अर्धाच लागू पडतो, कारण इथे हवा खारी आहे, पावसात वीज जाते आणि सर्व्हिस सेंटर दाराशी नाही.

आधी किमतीचं पाहू. ‘दहा हजारांत चांगला फोन मिळतो’ हे वाक्य लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे आणि ते एके काळी खरंही होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटो जी भारतात १२,४९९ रुपयांपासून आला. त्याच वर्षी जुलैमध्ये शाओमीने एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांना आणला. मार्च २०१६ मध्ये रेडमी नोट ३ ची सुरुवातच ९,९९९ ला झाली, आणि त्या किमतीत ४,०५० एमएएचची बॅटरी व धातूची पाठ मिळत होती. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि गावोगाव स्मार्टफोन पोचले. त्यानंतर चित्र पालटत गेलं. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५-जी सुरू झालं आणि फोनमधला मोडेम व चिप महाग झाली. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे जगभरातले भाव चढले, त्याचा बोजा सगळ्यात जास्त स्वस्त फोनांवरच पडतो. त्यामुळे पूर्वीचा दहा हजारांचा दर्जा आज साधारण पंधरा ते वीस हजारांत सापडतो, आणि आजचा दहा हजारांचा फोन हा पहिल्या पायरीवरचा फोन आहे.

हे ऐकून माणूस दचकतो, आणि त्याचं दचकणं रास्त आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर रोज ३१२ रुपये होता. या हिशेबाने १५,६०० रुपयांचा फोन म्हणजे सलग ५० दिवसांची मजुरी. आता दुसरा हिशेब करा. २८ दिवसांचा रिचार्ज ढोबळमानाने ३०० रुपयांचा धरला, तर वर्षाला १३ रिचार्ज होतात, म्हणजे ३,९०० रुपये. चार वर्षांत तेच १५,६००. फोनची किंमत एकदम जाते म्हणून टोचते, रिचार्जची हळूहळू जाते. माझा कल म्हणून असा आहे: नऊ हजारांचा फोन दोन वर्षांत बदलावा लागला तर वर्षाला साडेचार हजार पडतात, सोळा हजारांचा चार वर्षं टिकला तर चार हजार. थोडे जास्त पैसे जमेपर्यंत जुना फोन चालवता येत असेल, तर चालवावा.

आता या पैशांत नेमकं काय विकत घ्यायचं? त्यासाठी इथला फोन कोणती कामं करतो ते पाहावं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो ॲपमधून चढवायचा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवरच, दिवसातून दोनदा, जागेच्या नोंदीसह फोटो काढून. फोटो चढला नाही तर मजुराची मजुरी अडते, म्हणजे कामावर हजेरी घेणाऱ्या मेटच्या हातातला फोन हा वीस-तीस घरांच्या चुलीशी जोडलेला असतो. चिकूचा भाव, वाहनाची वेळ, माल किती निघाला याचे फोटो, हे सगळं व्हॉट्सॲपवर. मच्छीमाराला वाऱ्याचा इशारा, आणि जागा कळण्यासाठी जीपीएस. मुलांचा अभ्यास, बँकेचा ओटीपी, युपीआय, ‘लाडकी बहीण’ योजनेची केवायसी. यातलं एकही काम खेळाच्या फोनसारखी प्रचंड चिप मागत नाही. पण ही सगळी कामं एकाच फोनवर, एकाच दिवशी, कमकुवत रेंजमध्ये होतात, आणि म्हणून मेमरीला पहिला मान.

रॅम ८ जीबी आणि स्टोरेज १२८ जीबी, ही आज माझ्या मते घेण्याजोगी जोडी आहे. अगदीच जमत नसेल तर रॅम ६ जीबी, पण स्टोरेज १२८ च्या खाली जाऊ नये. ६४ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप्स मोठा वाटा खातात. उरलेल्या जागेत कुटुंबाचे फोटो आणि ग्रुपवरचे व्हिडिओ वर्षभरात भरतात. स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन मंदावतो, अपडेट उतरत नाही, ॲप बंद पडतं. खोक्यावर ‘८+८’ लिहून सोळा जीबी रॅमचा भास उभा केला जातो, त्याला भुलू नये. त्यातली दुसरी आठ म्हणजे स्टोरेजचाच एक भाग रॅमसारखा वापरणं, आणि तो खऱ्या रॅमच्या मानाने फार सावकाश चालतो. स्टोरेजच्याही दोन जाती आहेत: ईएमएमसी ही जुनी आणि मंद, यूएफएस ही वेगवान. दुकानदाराला हे विचारल्यावर बऱ्याचदा उत्तर मिळत नाही, पण कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलच्या तपशिलात ते बहुधा सापडतं. मेमरी कार्डाची खाच असेल तर फोटो-गाण्यांसाठी चांगलीच, पण ॲप्सना लागणारी जागा तिने भरून निघत नाही.

चिपबद्दल थोडक्यात. डायमेन्सिटी ६३०० किंवा स्नॅपड्रॅगन ४ मालिकेतली चिप रोजच्या कामाला पुरते. डायमेन्सिटी ७३०० किंवा स्नॅपड्रॅगन ६ वा ७एस मालिका मिळाली तर फोन चौथ्या वर्षीही दमत नाही. यापलीकडचे आकडे आणि चाचण्यांचे गुण यांत वेळ घालवू नये.

मेमरीनंतर माझ्या यादीत अपडेट आहेत, आणि गावात यांच्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं. फोनचं अँड्रॉइड जुनं झालं की आधी सुरक्षेचे अपडेट थांबतात, मग एक दिवस बँकेचं ॲप सांगतं की या फोनवर चालणार नाही. फोन धडधाकट, पण पैशांच्या व्यवहाराला बाद. या बाबतीत कंपन्यांत फार मोठा फरक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या ए१६ ५-जी पासून सॅमसंगने या किमतीच्या फोनांनाही सहा वेळा नवं अँड्रॉइड आणि सहा वर्षं सुरक्षा अपडेट जाहीर केले. एप्रिल २०२५ च्या सीएमएफ फोन २ प्रोला तीन वर्षं अँड्रॉइड आणि सहा वर्षं सुरक्षा आहे. जुलै २०२५ च्या मोटो जी८६ पॉवरला अँड्रॉइड एकदाच आणि सुरक्षा तीन वर्षं. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात, आपण घेतला त्या दिवसापासून नाही. सेलमध्ये दीड वर्ष जुनं मॉडेल स्वस्तात मिळतं तेव्हा त्याच्या आयुष्यातलं दीड वर्ष आधीच सरलेलं असतं. हिशेब करूनही ते परवडत असेल तर जरूर घ्यावं. वरच्या दर्जाचं जुनं मॉडेल अनेकदा खालच्या दर्जाच्या नव्यापेक्षा सरस ठरतं.

आता पाणी आणि मीठ, चिखल्याचा खरा प्रश्न. जाहिरातीत फोन पाण्याच्या टबात बुडवून दाखवतात. ‘आयपी’ या अक्षरांपुढच्या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. आयपी ५४ किंवा ६४ म्हणजे शिंतोडे आणि भुरभुर पाऊस चालेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनीने सांगायचं. पण या चाचण्या स्वच्छ, गोड्या पाण्यात, नव्या कोऱ्या फोनवर होतात. समुद्राचं पाणी विद्युतवाहक आहे, सुकल्यावर मीठ मागे राहतं आणि चार्जिंगच्या पिनेला गंज धरतो. शिवाय फोन एकदा पडला, एकदा उघडून दुरुस्त झाला, की आतलं रबरी सील पूर्वीसारखं बसेलच असं नाही. आणि पाण्याने बिघडलेला फोन बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत येत नाही, खोक्यावर आयपी ६८ छापलेलं असलं तरी. म्हणून होडीवर जाणाऱ्याने आयपी ६७-६८ चा फोन जमला तर घ्यावा, पण तोही बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावा. खारं पाणी लागलंच तर फोन बंद करावा, तो आयपी मानांकनाचा असेल तर गोड्या पाण्याने हलकेच पुसावा आणि पिन पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये. ओला असताना लावलेला चार्जर जितके फोन मारतो, तितके समुद्रही मारत नसेल.

समुद्रावर न जाणाऱ्यालाही खारी हवा चुकत नाही. चार्जिंगची पिन, स्पीकरची जाळी आणि सिमची खाच यांवर तिचा परिणाम होतो. त्यामुळे पिन स्वतंत्र छोट्या पट्टीवर असलेला, म्हणजे ती पिन सुटी बदलता येईल असा फोन इथे फायद्याचा. हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते डहाणू स्टेशनाजवळच्या एखाद्या जुन्या दुरुस्तीवाल्याला विचारावं. त्याच्या टेबलावर कोणते फोन जास्त येतात आणि कोणत्या फोनचा सुटा भाग त्याला दोन दिवसांत मिळतो, हे त्याला पाठ असतं. माझ्या मते फोन घेण्याआधी विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याकडे जाणं जास्त शहाणपणाचं आहे.

त्याला आणखी एक गोष्ट विचारायची: या मॉडेलच्या डिस्प्लेचा कॉम्बो, म्हणजे पडदा आणि वरची काच मिळून, कितीला बसतो? फोनचं सगळ्यात जास्त फुटणारं अंग डिस्प्ले. ॲमोलेड डिस्प्ले सुंदर दिसतो, बॅटरी वाचवतो, उन्हात शेतावर नीट वाचता येतो, पण फुटल्यावर एलसीडीच्या मानाने पुष्कळ महाग पडतो. कडांना वळवलेला डिस्प्ले तर आपल्या कामाचा नाहीच, त्याला टेम्पर्ड ग्लासही धड बसत नाही. उन्हात काम करणाऱ्याने सपाट ॲमोलेड घ्यावा आणि पहिल्याच दिवशी जाड कव्हर व ग्लास लावावी. घरात लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनला चांगला एलसीडी पुरे.

बॅटरीत मात्र गेल्या दोन वर्षांत खरीच प्रगती झाली. ५,००० एमएएच हे माप बरीच वर्षं ठरलेलं होतं. आता सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटऱ्यांमुळे त्याच जाडीत ६,००० ते ७,००० मिळतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा वीज नसणं म्हणजे काय ते इथल्या लोकांनी भोगलं. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांना चार्जिंगची सोय रोजच शोधावी लागते. त्यांच्यासाठी मोठी बॅटरी ही चैन नव्हे. ८० वॉटचं जलद चार्जिंग मात्र मी गरजेच्या यादीत धरत नाही, ३३ किंवा ४५ वॉट पुरे. काही कंपन्या खोक्यात चार्जर देत नाहीत, तेव्हा त्याचे हजारभर रुपये किमतीत आधीच मिळवून घ्यावेत. रस्त्यावरचा शंभर रुपयांचा चार्जर नवीन फोनला लावू नये.

रेंजबद्दल इथे जरा बारकाईने पाहावं लागतं. हद्दीजवळ फोन कधी गुजरातच्या टॉवरला चिकटतो, पण देशात रोमिंगला आता वेगळे पैसे पडत नाहीत. खरी अडचण वाड्यांतल्या घरांत आणि पूर्वेच्या डोंगरपाड्यांत आहे, जिथे टॉवर लांब असतो. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी फक्त जिओने घेतल्या. या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात. त्यांचा फायदा घ्यायचा तर फोनच्या ५-जी बँडमध्ये नेहमीच्या ‘एन ७८’ सोबत ‘एन २८’ही हवा. २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालेल्या बीएसएनएलच्या ४-जीसाठीही ४-जीचा २८ क्रमांकाचा बँड उपयोगी आहे. पण या सगळ्याआधी एक सोपी गोष्ट करावी. आपल्या घराच्या आतल्या खोलीत शेजाऱ्यांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमना किती रेंज येते ते पाहावं. ५-जी पोचतच नसेल आणि पैसे अगदी कमी असतील, तर चांगल्या मेमरीचा ४-जी फोन घेण्यात काहीही कमीपणा नाही.

कॅमेऱ्यावर मी मुद्दाम शेवटी येतो, कारण दुकानात तोच सगळ्यात पुढे केला जातो. ५० मेगापिक्सेल आता सगळ्यांकडे आहे. सोबतचे दोन मेगापिक्सेलचे जादा डोळे बहुतेक शोभेचे. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारं ओआयएस असेल तर संध्याकाळच्या फोटोंना उपयोग होतो. ज्यांचं पोट फोटोवर आहे त्यांनी मात्र वेगळी कसोटी लावावी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या गंजाडपासून तलासरीपर्यंत अनेक कलाकार आज चित्रांचे फोटो पाठवून ऑर्डर घेतात. पुष्कळ फोन रंग भडक करतात, गेरूची तांबडी जमीन नारिंगी दिसते आणि गिऱ्हाईक चित्र हातात आल्यावर नाराज होतं. अशांनी चित्र सोबत दुकानात न्यावं, दारातल्या उजेडात फोटो काढावा आणि पडद्यावरचा रंग चित्राशी ताडून पाहावा.

खरेदी कुठून करावी? वापीला किंवा दमणला फोन स्वस्त मिळतो असं इथे ऐकायला येतं. जीएसटी तिथेही १८ टक्केच आहे. पक्क्या बिलावरचा फरक दुकानदाराच्या सवलतीचा, आणि बिलाशिवाय मिळणारा फोन स्वस्त नसतो, तो वॉरंटीशिवायचा असतो. ऑनलाइन सेलमध्ये भाव खरोखर उतरतात, पण बँकेच्या कार्डाची सवलत धरून दाखवलेली किंमत कार्ड नसलेल्याला लागू नाही. हप्त्याचं तर नीट वाचावंच. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज किमतीत मिसळलेलं असतं, किंवा रोखीची सवलत नाकारून वसूल होतं, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. रोख किंमत आणि सगळे हप्ते मिळून होणारी रक्कम, दोन्ही कागदावर शेजारी लिहून मागावी. तक्रार करायची वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सेकंडहँड फोन वाईट नसतो, ओळख नसलेला फोन वाईट. *#०६# दाबून आयएमईआय पाहावा, बिलावरच्या आकड्याशी ताडावा, आणि इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत किंवा आधीच वापरात आहे असं उत्तर आलं तर हात लावू नये. मे २०२३ पासून देशभर असलेल्या या सोयीतूनच आपला चोरीला गेलेला फोनही बंद करता येतो, म्हणून नव्या फोनचं बिल आणि आयएमईआय घरात जपून ठेवावा.

दुरुस्तीच्या हक्कात आपण अजून मागे आहोत. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला: बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं, पण फोन दुरुस्त करणं किती सोपं ते सांगणारे गुण खोक्यावर छापलेले अजून दिसत नाहीत. हे गुण सक्तीचे व्हावेत असं मला मनापासून वाटतं. त्यांचा सगळ्यात जास्त फायदा शहरातल्या हौशी ग्राहकाला नाही, सर्व्हिस सेंटरसाठी दिवसाची मजुरी बुडवून गाडी पकडणाऱ्याला आहे.

मग निवड अशी पडते. चार-पाच वर्षं एकच फोन चालवायचा आहे, काम साधं आहे, बँकेचे व्यवहार त्यावरच आहेत, तर सॅमसंगच्या ए१६-ए१७ च्या वळणाचा, थोडा सावकाश पण दीर्घ अपडेटचा फोन, ८ जीबीचाच. होडी, वीटभट्टी, बागेतली औषध फवारणी असं अंगमेहनतीचं काम असेल तर मोटो जी८६ पॉवरसारखा मोठ्या बॅटरीचा आणि आयपी ६८ चा, मग अपडेट कमी आहेत हे मान्य करून. कॉलेजच्या मुलाला वेगही हवा आणि टिकाऊपणाही, तर सीएमएफ फोन २ प्रोच्या जातीचा. लाव्हा ही देशी कंपनी घरी येऊन दुरुस्तीची सेवा देते, ती आपल्या पत्त्यावर मिळते का ते विचारून घेतलं तर सर्व्हिस सेंटरची फेरी वाचते. मॉडेलांची नावं सहा महिन्यांत बदलतील, पण प्रत्येकाच्या जागी कोणतं नवं मॉडेल आलं ते या गुणांवरून ओळखता येईल.

आणि नवा फोन आल्यावर जुना घरातल्या मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला देताना आधी त्यातलं गूगल खातं सेटिंगमध्ये जाऊन काढावं, मगच फोन रिसेट करावा. खातं न काढता रिसेट केला तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडून बसू शकतो, आणि तो आठवला नाही तर चांगला चालता फोन बिलासह दुकानात न्यावा लागतो.